गाडी घ्यायची, पण ऐकायचं कुणाचं?

श्रोतेहो, या व्याख्यानमालेत आम्हाला सहसा एखादं पुस्तक किंवा एखादा विचारवंत दिला जातो आणि चिकित्सा करा म्हणून सांगितलं जातं. या वेळी विषय आम्ही मागून घेतला. आजची चिकित्सा एका मौखिक वाङ्मयाची आहे. त्याला लेखक नाही, प्रकाशक नाही, आणि तरी परंड्यापासून उमरग्यापर्यंत ते न पोचलेलं घर सापडणं कठीण. चारचाकी घेताना माणसाला जो सल्ला मिळतो, ते हे वाङ्मय.

आयोजकांपैकी एकाने विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. गाडीतलं तुम्हाला काय कळणार?" प्रश्न रास्त आहे. इंजिन आम्हाला कळत नाही. पण कुणाचं बोलणं कधी खरं मानावं, हा आमच्या विषयातला दोन हजार वर्षं जुना प्रश्न आहे, आणि गाडी घेणारा माणूस नेमका तिथंच अडकलेला असतो. घरानंतरची ही आपल्या लोकांची सर्वांत मोठी खरेदी. पाच-सात वर्षं हप्ता जातो. शिवाय आत आपलीच लेकरं बसतात. एवढा मोठा निर्णय आपण ज्या बोलण्यावर घेतो, ते बोलणं कधी तपासतो का?

न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधनं सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यातून मिळणारं ज्ञान. पण कुणाचंही सांगणं चालत नाही, सांगणारा 'आप्त' लागतो. आपण आप्त म्हणजे नातेवाईक असा अर्थ करून बसलो. वात्स्यायनाच्या भाष्यात अर्थ वेगळा आहे. ज्याने ती गोष्ट स्वतः नीट जाणली आहे, आणि जशी जाणली तशीच दुसऱ्याला सांगावी अशी ज्याची इच्छा आहे, तो आप्त. पुढे तो असंही म्हणतो की हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेंच्छालाही सारखंच लागू पडतं. म्हणजे जात, पदवी, पोशाख बघायचा नाही. बघायच्या दोनच गोष्टी: याला माहीत आहे का, आणि हा आहे तसं सांगेल का. ही फूटपट्टी आम्ही आज सल्लागारांना लावणार आहोत.

पहिला सल्लागार मोबाईलमधला. गाडीचा व्हिडिओ करणारे हे तरुण हुशार असतात, कष्टही घेतात, त्यांची थट्टा करायला आम्ही उभे नाही. पण त्यांचं बोलणं ग्रंथासारखं वाचून बघा. गाडी बहुधा कंपनीने दिलेली असते, एक-दोन दिवसांसाठी, कोरी करकरीत. त्यावर पंधरा-वीस मिनिटांचं विवेचन. स्क्रीन किती इंचाची, छताची काच कशी सरकते, डॅशबोर्डचं प्लास्टिक दाबलं तर कसं लागतं. हे सगळं प्रत्यक्ष ज्ञान आहे, खोटं नाही. पण ते पहिल्या दिवसाचं आहे. हप्ता भरणाऱ्याचा प्रश्न पाचव्या वर्षाचा असतो. पाचव्या वर्षी क्लच कसा असतो, सुटा भाग किती दिवसांनी येतो, एसी कधी दगा देतो, हे त्या माणसाने जाणलेलंच नाही. पहिली अट तिथंच पडली.

दुसरी गोष्ट जास्त खोल आहे. प्रत्येक सल्ल्यात एक श्रोता गृहीत धरलेला असतो. या व्हिडिओतला गृहीत श्रोता पुण्या-मुंबईत राहतो, एकटा किंवा दुकटा रोज ऑफिसला जातो, ट्रॅफिकमध्ये अडकतो, म्हणून त्याला ऑटोमॅटिक घ्या म्हणतात. त्याच्या घरापासून सर्व्हिस सेंटर फार लांब नसतं. आता आपली गाडी बघा. आठवड्यातले चार दिवस ती घरासमोर झाकून उभी असते. पाचव्या दिवशी तिच्यात सात माणसं बसतात आणि ती तुळजापूरला, लग्नाला किंवा दवाखान्यासाठी सोलापूरला निघते. म्हातारीला गुडघा वाकवून बसता आलं पाहिजे. वाटेत शेताकडे जाणारा कच्चा रस्ता लागतो. काही कंपन्यांचं अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठायचं तर सोलापूर नाहीतर लातूर, म्हणजे एक दिवस गेला. या माणसासाठी तो सल्ला लिहिलेलाच नाही. दुसऱ्याच्या पत्त्यावरचं पत्र आपण आपलं म्हणून वाचतोय.

पीटर गीच नावाचे इंग्लंडातले तत्त्वज्ञ होते. त्यांनी १९५६ साली एक छोटा निबंध लिहिला आणि त्यात योगायोगाने गाडीचंच उदाहरण घेतलं. लांबवर काहीतरी दिसतंय. मला कळतं की ते लाल आहे. माझ्या मित्राला रंग कळत नाही, पण नजर तेज आहे, त्याला कळतं की ती गाडी आहे. दोघांची माहिती जोडली की 'लाल गाडी' तयार होते. 'चांगली गाडी' मात्र अशी जोडून तयार होत नाही. एकाला कळलं की ते चांगलं आहे आणि दुसऱ्याला कळलं की ती गाडी आहे, असं होऊच शकत नाही. 'चांगलं' हे विशेषण नामाला चिकटूनच अर्थ मिळवतं. आम्ही त्यात एवढीच भर घालू, की गाडीच्या बाबतीत ते वापरणाऱ्यालाही चिकटलेलं असतं. म्हणून 'सध्या चांगली गाडी कोणती?' या प्रश्नाला उत्तर नाही. आणि ज्याला उत्तर नाही त्या प्रश्नाची तासन् तास उत्तरं देणं, हा या वाङ्मयप्रकाराचा मुख्य दोष आहे.

मात्र एक श्रेय द्यायलाच हवं. सुरक्षिततेचे तारे सामान्य माणसाच्या बोलण्यात आणले ते बऱ्याच अंशी या मंडळींनीच. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवून पाहिल्या. अल्टो ८००, नॅनो, आय-टेन, फिगो आणि पोलो. पाचही गाड्यांच्या एअरबॅग नसलेल्या मॉडेलला मोठ्या प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले. त्यातली पोलो एअरबॅगसह पुन्हा आदळवली, तर तिला चार मिळाले. मग काही जण म्हणाले, एअरबॅग लावल्या की झालं. तसंही नाही. पाचपैकी तीन गाड्यांचा सांगाडाच टिकला नव्हता. तिथं नुसती पिशवी काय करणार? डिसेंबर २०१८ मध्ये टाटा नेक्सॉनला पाच तारे मिळाले, आणि इथं बनलेली गाडीही मजबूत असू शकते हे लोकांना दिसलं. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणी सुरू झाली. आता चहाच्या टपरीवरही पोरं विचारतात, "किती स्टार?" वीस वर्षांपूर्वी हा प्रश्न ऐकू येत नव्हता.

तेव्हाही आणि आताही सर्वांत आधी येणारा प्रश्न एकच: "अ‍ॅव्हरेज किती देती?"

या प्रश्नाचा आम्ही आदर करतो. तो दुष्काळी मुलखातला प्रश्न आहे. पण त्याचं जे उत्तर जाहिरातीत छापतात ते कुठून येतं, हे माहीत असावं. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था आहे. अशा संस्थेत गाडी रस्त्यावर पळत नाही, रोलरवर पळते. वेग किती, किती सेकंद, हे ठरलेलं असतं. वेगाची कमाल ९० किलोमीटर. एसी बंद. ना येडशीचा घाट, ना मे महिन्याचं ऊन, ना मागच्या सीटवर चार पाहुणे. दोन गाड्यांची आपसात तुलना करायला तो आकडा ठीक आहे. 'माझी गाडी एवढं देईल' असं त्यावरून मानणं, हे चुकीचं अनुमान आहे.

आणि फरक पडून पडतो किती? गणित करू. वर्षाला ८,००० किलोमीटर चालणारी गाडी धरा. एक लिटरला १८ देते, दुसरी २२. पहिलीला ४४४ लिटर लागेल, दुसरीला ३६४. फरक ८० लिटर. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर वर्षाला ८,४०० रुपये, महिन्याला ७००. या सातशे रुपयांसाठी माणूस गाडीचं वजन, मजबुती, टायर, सगळ्यावर पाणी सोडतो. वर लाखभर जादा मोजून डिझेल घेतो आणि ती घरापासून शाळेपर्यंत चार किलोमीटर चालवतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा नियम आले. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी जाळी असते. ती काजळी जाळायला गाडी अधूनमधून बरीच गरम होऊन लांब पळावी लागते. चार-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ती जाळी तुंबते आणि मग दिवा लागतो. शोरूममध्ये हे सांगत नाहीत. तुमचं रोजचं अंतर किती, हेही विचारत नाहीत.

अ‍ॅव्हरेजबद्दलच आणखी एक. हल्ली तक्रार येते की गाडी पूर्वीपेक्षा कमी देते. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटलं होतं की शुद्ध पेट्रोलसाठी बनलेल्या आणि १० टक्के मिश्रणाला जुळवलेल्या चारचाकीचं इंधन-मान ६ ते ७ टक्क्यांनी घटेल. गंमत अशी की ते इथेनॉल उसातूनही येतं, आणि ऊस आपल्याच शिवारात आहे. शेतकरी म्हणून आपण त्याला टाळ्या वाजवतो आणि गाडीवाले म्हणून बोटं मोडतो. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. जुनी गाडी घेणाऱ्याने एवढं करावं, तिच्या माहितीपुस्तकात किंवा टाकीच्या झाकणावर कोणतं मिश्रण चालेल असं लिहिलंय ते वाचावं.

दुसरा सल्लागार घरातला. काका, मेहुणे, शेजारचे सर. यांच्या इच्छेबद्दल शंका नाही, ते मनापासून सांगतात. त्यांचं बीजवाक्य एकच असतं: "रिसेल असलेली घे."

या शब्दावर थोडं थांबू या, कारण आमच्या मते सगळ्या सल्ल्याचा गाभा इथं आहे. रिसेल म्हणजे ही गाडी विकायला काढशील तेव्हा गिऱ्हाईक मिळेल का. म्हणजे आपण गाडी घेतो ती एका अनोळखी माणसासाठी, जो पाच-सात वर्षांनी येणार आहे. रंग पांढरा घ्यायचा, कारण त्याला आवडेल. सीटवरचं प्लास्टिक काढायचं नाही, कारण त्याला नवी वाटली पाहिजे. पोरीला निळी हवी होती, पण निळी 'जात नाही'. कमी खपणारी पण मजबूत गाडी नको, कारण त्याचं मन त्यावर बसणार नाही. बरं, तो येणारा माणूस तरी स्वतःसाठी घेतो का? तोही विचारतो, "पुढं विकली जाईल ना?" अशी ही साखळी आहे, आणि तिच्यात गाडी स्वतःसाठी घेणारा माणूसच सापडत नाही. प्रत्येक जण पुढच्याचा विश्वस्त! मायावादावर आम्ही आयुष्यभर शिकवलं, पण इतकं सोपं उदाहरण वर्गात द्यायला मिळालं नव्हतं.

पैशाच्या बाजूनेही हे बघा. विम्यासाठी गाडीची किंमत धरतात तिचं एक कोष्टक आहे. सहा महिन्यांनंतर १५ टक्के घट, एक वर्षानंतर २०, दोन वर्षांनंतर ३०, तीनला ४०, चारला ५०. बाजारभाव अगदी याच पायऱ्यांनी उतरत नाही, काहींचा हळू उतरतो, पण दिशा हीच. म्हणजे जास्त रिसेलची आणि कमी रिसेलची गाडी यांत सात वर्षांनी पाऊण-एक लाखाचा फरक पडलाही, तरी तो वर्षाला दहा-पंधरा हजारांचा झाला. तेवढ्यासाठी रोज जिच्यात बसायचं ती गाडी दुसऱ्याच्या आवडीची घ्यायची का, हे ज्याने त्याने ठरवावं. पण ठरवावं. आपण ठरवत नाही, 'रिसेल' म्हटलं की मान डोलावतो.

तिसरा सल्लागार शोरूममधला. त्याच्याकडे ज्ञान आहे, पण त्याची इच्छा त्याच्या टार्गेटला बांधलेली आहे. त्यात त्याचा दोष मानू नये, पोटाचा प्रश्न आहे. फक्त त्याला आप्त मानू नये. तो किमतीवर बोलत नाही, हप्त्यावर बोलतो. "सर, फक्त तेरा हजार!" ८ लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे १३,०७५ येतो आणि एकूण व्याज जवळजवळ २ लाख ९८ हजार. तेच पाच वर्षांत फेडलं तर हप्ता १६,८०० आणि व्याज २ लाख ८ हजार. 'फक्त' या शब्दाची किंमत नव्वद हजार रुपये.

त्याच टेबलावर विमाही त्यांच्याकडूनच घ्या म्हणतात. कायद्याने सक्तीचा आहे तो तिसऱ्या पक्षाचा विमा. नव्या गाडीला तो १ सप्टेंबर २०१८ पासून एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र चार ठिकाणी विचारून घेता येतो. आणि 'नो क्लेम बोनस' मालकाचा असतो, गाडीचा नाही. पाच वर्षं दावा केला नाही तर ५० टक्क्यांपर्यंत सूट साठते. जुनी विकून नवी घेताना ती सोबत नेता येते. कितीतरी माणसं ती तिथंच सोडून येतात, कारण कुणी सांगितलं नाही.

जुन्या गाडीचा बाजार हा तर ज्ञानमीमांसेचा वर्गच. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली त्यावरच निबंध लिहिला. आधी तीन नियतकालिकांनी तो परत केला होता. २००१ मध्ये त्याच कामासाठी त्यांना नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. विकणाऱ्याला गाडीचा दोष माहीत असतो, घेणाऱ्याला नसतो. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना मधला भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, तो बाजारातून निघून जातो. मागे उरतो तो रद्दी माल. आपल्याकडे यावर लोकांनी एक तोडगा काढलाय: "डॉक्टरची गाडी आहे!" विकायला आलेल्या इतक्या गाड्या डॉक्टरांच्या निघतात, की जिल्ह्यात रुग्णांपेक्षा डॉक्टर जास्त असावेत असं वाटतं. यात गाडीचं प्रमाण दिलेलं नाही, मालकाची प्रतिष्ठा दिली आहे. वात्स्यायनाने नको म्हटलेली गोष्ट हीच.

इथं शब्द सोडून प्रत्यक्षाकडे यावं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मीटरवर २५ हजार किलोमीटर आणि चारही टायर गाडीपेक्षा तीन वर्षांनी लहान, तर विचारा का. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघा, टोकाला चिखलाचा डाग असेल तर गाडी पाण्यात होती. सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा-भूमकडे काय पूर आला तो आपण पाहिला आहे, म्हणून हे जरा जोर देऊन सांगतो. आणि आपलीच गाडी पाण्यात बुडाली असेल तर किल्ली फिरवून बघायचा मोह आवरा. आत पाणी असताना इंजिन फिरवलं की ते कायमचं जातं, आणि ते नुकसान साध्या विम्यात बसत नाही, त्यासाठी वेगळं कलम घ्यावं लागतं.

कागदांबद्दल सांगायचं ते विकणाऱ्याला. आपल्याकडे टीटी फॉर्मवर सही केली, पैसे मोजले, किल्ली दिली, की विषय संपला असं मानतात. पुढचा आणखी पुढच्याला देतो, नाव तुमचंच राहतं. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये अशाच हातोहात विकल्या गेलेल्या गाडीच्या खटल्यात सांगितलं, की अपघाताच्या भरपाईसाठी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक. तीन वर्षांपूर्वी विकलेल्या एमएच-पंचवीसने कुठंतरी माणूस उडवला, तर नोटीस तुमच्या दारात येईल. नाव बदलल्याचं ऑनलाइन स्वतः बघेपर्यंत गाडी विकली असं म्हणू नका.

मग आप्त कोण? आमचं उत्तर बऱ्याच जणांना आवडणार नाही. आपल्या गावातला फिटर, आणि तुळजापूर-सोलापूर भाड्याची गाडी मारणारा ड्रायव्हर. फिटरने पाच वर्षांची, आठ वर्षांची गाडी उघडून बघितली आहे. ड्रायव्हरने एकाच गाडीवर दोन-दोन लाख किलोमीटर काढले आहेत. त्यांचं ज्ञान पाचव्या वर्षाचं आहे. आणि गाडी विकली जाण्यात त्यांचा सहसा वाटा नसतो. असेल तर तेवढं आधी विचारून घ्या. आपण यांना विचारतो, पण चुकीचं विचारतो. "कोणती घेऊ?" म्हटलं की तेही काकांसारखं 'रिसेल' बोलायला लागतात. त्यांना विचारा, "ही गाडी तुमच्याकडे येते तेव्हा कशासाठी येते?" मग बघा कसं बोलतात. या गाडीचे शॉकअप आपल्या रस्त्यावर टिकत नाहीत. त्या गाडीचा एक सेन्सर पंधरा दिवस येत नाही. आणि गाडीचा दोष नसलेल्या गोष्टीही ते सांगतात: लोक रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचं पाणी ओततात, त्या जड पाण्याचा थर आत बसतो. चार-चार दिवस उभ्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात. धुळीने एअर फिल्टर भरतो, पण बदलायचा तो पुस्तकातल्या किलोमीटरवर, शेतातल्या धुळीवर नाही.

पण इथंही आंधळी भक्ती नको. फिटरला दुरुस्तीला सोपी गाडी आवडते, साहजिक आहे. अपघातात कोणती गाडी वाचवते हे मात्र त्याने जाणलेलं नसतं. "पत्रा जाड आहे" एवढ्यावर तो सुरक्षितता मोजतो, तर चाचणीत बघतात ते माणसापर्यंत धक्का किती पोचला. त्या एका बाबतीत आप्त म्हणजे आदळवून बघणारी प्रयोगशाळा. ड्रायव्हरचं म्हणाल तर बेल्टच्या बाबतीत त्याचं ऐकू नका. मागे बसणाऱ्याने बेल्ट लावायचा असतो हे नियमात आहे, न लावल्यास हजार रुपये दंड आहे, आणि मागच्या बेल्टची क्लिप आपण सीट कव्हरखाली कायमची गाडून टाकतो. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले. महागडी गाडी होती. ते मागे बसलेले होते, आणि बेल्ट लावलेला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं. पाच तारे पुढच्या काचेवर चिकटवून मागे चार जण आणि मांडीवर एक लेकरू, ही आपली नेहमीची बैठक. चाचणीतले ते तारे बेल्ट लावलेल्या बाहुल्यांना मिळालेले असतात.

आता वेळ होत आला. मागून एक चिठ्ठी आली आहे, ती वाचतो: "आम्ही नवरा-बायको दोघे शिक्षक. शाळेला बसने आणि मोटारसायकलने जातो. गाडी घरची हवी असं मुलांचं म्हणणं आहे. पाच सीटची घ्यावी का सातची?"

सरांनो, मॅडम, आधी एक कागद घ्या. नऊ लाखांत रस्त्यावर येणारी गाडी पाच वर्षांनी साडेचारला गेली असं धरू. वर्षाला ९० हजार घट. आठ लाखांच्या पाच वर्षांच्या कर्जाचं व्याज वर्षाला सुमारे ४१ हजार. विमा आणि सर्व्हिस मिळून २५ हजार धरा. झाले १ लाख ५६ हजार, अजून पेट्रोल टाकलेलं नाही. वर्षातले साठ दिवस गाडी बाहेर काढणार असाल, तर एका दिवसाला २,६०० रुपये पडले. तुमच्या चौकातल्या गाडीवाल्याला दिवसाचं भाडं विचारा आणि शेजारी लिहा, त्यातून त्याचं इंधन वजा करून. रात्री दोन वाजता वडिलांच्या छातीत दुखायला लागलं तर गाडी दारात असण्याची किंमत या कागदावर लिहिता येत नाही, ती तुमची तुम्ही धरा. आम्ही तिला कमी लेखत नाही. एवढं करून घ्यायचं ठरलं, तर सीटचं उत्तर देतो. वर्षातून किती वेळा सहा-सात जण खरोखर बसता ते मोजा. दहापेक्षा कमी असेल तर पाचची घ्या, आणि त्या दहा दिवशी मोठी गाडी भाड्याने सांगा. दहापेक्षा जास्त असेल आणि सातची घेणार असाल, तर शोरूममध्ये तिसऱ्या रांगेत स्वतः बसून बघा. गुडघे हनुवटीला लागत असतील तर म्हातारीला तिथं बसवता येणार नाही. आणि तिथल्या बेल्टची क्लिप सापडते का, तेही तेव्हाच बघून घ्या.